गुरूच्या चार चंद्रांवरून गुरूचं वजन कसं काढायचं: गच्चीवरून करायची संपूर्ण कृती

सीमाभागातल्या कुठल्याही विज्ञान प्रदर्शनात गेलात तर थर्मोकोलची सूर्यमाला हमखास भेटते. सगळे ग्रह समान अंतरावर, सगळ्यांच्या कक्षा एकाच पातळ तारेच्या, आणि मध्ये पिवळा रंग दिलेला चेंडू. त्यातून मुलांना ग्रह-उपग्रह एकमेकांभोवती फिरतात म्हणजे नेमकं काय होतं, हे काही कळत नाही. त्याऐवजी गुरूच्या चंद्रांची वही ठेवा, असं अनेक शिक्षक आता सांगतात, आणि ते बरोबरही आहे. पण वह्या उघडून पाहिल्या तर तीच गडबड पुन्हा पुन्हा दिसते: एका रात्रीचं निरीक्षण, ॲपवरून उतरवलेली चंद्रांची नावं, आणि खाली केप्लरचा नियम (फेरीच्या काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो) जसाच्या तसा लिहिलेला. निरीक्षण आणि निष्कर्ष यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही.

क्रम उलटा होतो, ही खरी अडचण. आधी नाव, मग निरीक्षण. इथे दिलेल्या कृतीत आधी वही भरायची, वहीतून फेरीचा काळ काढायचा, मग अंतर, आणि शेवटी गुरूचं वस्तुमान. एसएसएलसी (दहावी) किंवा पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांना झेपेल इतकंच गणित आहे. लागणारा काळ मात्र पाच-सहा आठवडे आहे आणि तो कमी करता येत नाही.

### तयारी: हंगाम, जागा, साधनं

गुरू सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे प्रतियुतीला, साधारण तेरा महिन्यांनी एकदा येतो. जानेवारी २०२६ नंतरची प्रतियुती फेब्रुवारी २०२७ मध्ये, त्यानंतरची मार्च २०२८ मध्ये. प्रतियुतीच्या आधीपासून पुढचे दोन-अडीच महिने निरीक्षणाला सोयीचे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हा काळ नेमका कोरड्या हंगामात येतो, ही चांगली गोष्ट. एप्रिल लागला की वळवाचे ढग संध्याकाळी जमू लागतात, त्यामुळे मार्चअखेर मुख्य काम संपवायचं, असाच बेत आखा.

फेब्रुवारी २०२७ मध्ये आकाशाच्या नकाशावर गुरू सिंह तारकासंघात, मघा ताऱ्याच्या पश्चिमेला दिसेल. घरातल्या पंचांगात मात्र त्याच वेळी तो कर्क राशीत असेल. दोन्हीकडची मोजणी वेगळ्या ठिकाणापासून सुरू होते, इतकंच. वहीत नकाशावरचं स्थान लिहा आणि पुढे चला. या मुद्द्यावर घरी वाद घालण्यात एक रात्र घालवू नका.

जागेबद्दल बहुतेकांचा समज उलटा असतो. लोक गाडी काढून जांबोटीच्या पुढे किंवा राजहंसगडावर जातात, एक सुंदर रात्र घालवतात आणि एका रात्रीची नोंद घेऊन परत येतात. गुरूचे चंद्र पाहायला काळोख लागत नाही. टिळकवाडीच्या किंवा शहापूरच्या गच्चीवरून, रस्त्यावरचे दिवे चालू असताना, पौर्णिमेलासुद्धा ते दिसतात. या कामाला लागतात सलग रात्री. म्हणून जिथे रोज दोन मिनिटांत पोचता येईल तीच जागा निवडा: स्वतःची गच्ची, अंगण, गावात असाल तर खळं. खानापूरच्या पश्चिमेला जंगलालगतच्या वाडीत राहत असाल तर अंगणाबाहेर माळावर एकट्यानं बसू नका. त्या भागात अस्वलांचा वावर आहे, आणि डोळा दुर्बिणीला लावलेल्या माणसाला मागचं काही कळत नाही.

गळीत हंगामात ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात, त्याचा धूर संध्याकाळी खाली बसतो. शेताच्या कडेचे लोक हे जाणतात. अशा दिवशी रात्री उशिराची वेळ धरा.

साधनं अशी:

- ६० ते ८० मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण, पक्क्या ट्रायपॉडवर. ५० पट मोठं दाखवणारी नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) पुरते. दुकानदार ५०० पट म्हणून जी विकतो ती घेऊ नका, चित्र अंधुक होऊन सगळं हातातून जातं.
- १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) असेल तर तीही चालेल, पण ट्रायपॉडला बांधूनच. तिच्यातून फेरीचे काळ निघतात, अंतरं नीट निघत नाहीत.
- सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारं स्टॉपवॉच. मोबाइलमधलं चालेल.
- आखीव वही, पेन्सिल, आलेख कागद, लाल कागद लावलेली बॅटरी.

सावधान: सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बिणीवरचं झाकण काढू नका. लहान मुलं असतील तर ही अट वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

### टप्पा १: वेळ ठरवणं

इथे आपल्या भागाची एक खास अडचण आहे. बेळगावचा अक्षांश १६ अंशांच्या जरासा आत आहे आणि २०२७ च्या प्रतियुतीला गुरू आकाशाच्या विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १५ अंशांवर असेल. म्हणजे मध्यरात्रीनंतर तो जवळजवळ बरोबर डोक्यावरून जाईल. डोक्यावरचा ग्रह सर्वात स्वच्छ दिसतो, हे खरं. पण साध्या ट्रायपॉडवर दुर्बीण सरळ वर करता येत नाही: नळी पायांना अडते, मान मोडते, आणि ग्रह दुर्बिणीत धरून ठेवणं जमत नाही.

म्हणून गुरू क्षितिजापासून ३० ते ६५ अंशांच्या दरम्यान असताना बघायचं. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या पुढे, मार्चमध्ये साडेसात-आठपासून, तोंड पूर्वेला. एप्रिलमध्ये संध्याकाळीच तो डोक्यावर असेल, तेव्हा दहानंतर पश्चिमेला उतरताना बघा.

रोज दोन नोंदी घ्यायच्या, मध्ये किमान तीन तासांचं अंतर ठेवून. ही अट जाचक वाटते आणि पहिल्या आठवड्यातच मोडली जाते. ती का मोडू नये ते टप्पा ४ मध्ये येईल.

### टप्पा २: दिशा पक्की करणं

दुर्बिणीतलं चित्र कधी उलटं असतं, कधी डावं-उजवं बदललेलं. नेत्रिकेजवळ काटकोनी आरसा असेल तर चित्र सरळ दिसतं पण डावं-उजवं बदलतं. आरसा काढला तर पूर्ण उलटं. अर्ध्या वह्या इथेच बिघडतात, कारण एका रात्री आरसा लावलेला असतो आणि दुसऱ्या रात्री नसतो.

उपाय सोपा आहे. गुरू मध्यावर आणा आणि दुर्बिणीला हात लावू नका. गुरू ज्या बाजूनं बाहेर सरकतो ती पश्चिम. प्रत्येक नोंदीच्या आधी हे करा आणि कागदावर 'प' लिहा. समोरची बाजू पूर्व.

तपासा: सलग तीन रात्री 'प' कागदाच्या एकाच बाजूला आला आहे का? नसेल तर साधनाची मांडणी बदलली आहे. ती एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तशीच ठेवा.

### टप्पा ३: नोंद घेणं

आडवी रेघ मारा. मध्ये गुरूचं छोटं वर्तुळ. रेघेवर दिसतील तितके ठिपके, अंदाजानं योग्य अंतरावर. शेजारी तारीख, भारतीय प्रमाणवेळ मिनिटापर्यंत, आणि आकाशाची स्थिती एका शब्दात: स्वच्छ, धूसर, वारा.

चारही चंद्र जवळजवळ एका ओळीत दिसतात. त्यांच्या कक्षा गुरूच्या विषुववृत्ताच्या पातळीत आहेत आणि ती पातळी आपल्याला कडेनं दिसते. त्यामुळे गोल फिरणारा चंद्र आपल्याला रेघेवर पुढे-मागे झुलताना दिसतो. गुरूच्या अलीकडून जाताना तो पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो, पलीकडून जाताना पश्चिमेकडून पूर्वेकडे. पहिल्या दिवशी कागदावर वर्तुळाकार कक्षा काढून त्यावर ठिपके बसवण्याचा मोह होतो. टाळा. जे दिसलं ते रेघेवरच.

चंद्रांना नावं देऊ नका. पहिले दोन आठवडे फक्त ठिपके. गॅनिमिड सर्वात तेजस्वी आणि कॅलिस्टो सर्वात मंद असल्यानं तेज जाणवलं तर 'मोठा', 'मंद' असं लिहून ठेवा, पुढे उपयोग होतो.

चारऐवजी तीन किंवा दोनच दिसले तर चूक तुमची नाही. एखादा चंद्र गुरूच्या समोर असेल, मागे असेल किंवा त्याच्या सावलीत गेला असेल. सावलीचा खेळ गमतीचा आहे: प्रतियुतीच्या आधी गुरूची सावली त्याच्या पश्चिमेला पडते, नंतर पूर्वेला. म्हणून मार्चमध्ये एखादा चंद्र गुरूच्या कडेवर नव्हे, तर पूर्वेला थोड्या अंतरावर मोकळ्या आकाशातून अचानक उजळताना दिसू शकतो. वेळ टिपून ठेवा.

ढगाळ रात्री रकाना रिकामा सोडा आणि तसं लिहा. ॲप बघून भरलेला रकाना पुढे आलेखात सापडतोच, कारण तो एकटाच अगदी अचूक बसतो.

### टप्पा ४: ठिपक्यांना नावं देणं

आता आलेख कागद घ्या. आडव्या अक्षावर तारीख व वेळ, उभ्या अक्षावर गुरूपासूनचं अंतर: पूर्वेला वर, पश्चिमेला खाली. सगळे ठिपके मांडा. सुरुवातीला नुसता गोंधळ दिसेल.

सर्वात लांब गेलेल्या ठिपक्यांपासून सुरू करा. तो कॅलिस्टो. त्याची फेरी १६.७ दिवसांची, त्यामुळे तो हळू झुलतो आणि त्याची लाट आधी सापडते. त्या लाटेवरचे ठिपके एका रंगानं रंगवून बाजूला काढा. मग गॅनिमिड: फेरी ७.१५ दिवसांची. याची एक सोपी ओळख आहे. तो दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी जवळपास त्याच जागी दिसतो, फक्त पावणेचार तासांनी मागे पडलेला. मग युरोपा, ३.५५ दिवस. उरला आयो, १.७७ दिवस.

हे आकडे पडताळणीसाठी दिले आहेत. तुमच्या आलेखातून येईल तोच आकडा वहीत लिहायचा.

खरी फसगत आयोची होते. रोज रात्री ठरल्या वेळी एकच नोंद घेतली तर आयोचा काळ चुकीचा येतो, आणि तोही खात्रीनं. चोवीस तासांत आयो अर्ध्याहून थोडी जास्त, म्हणजे ०.५६५ फेरी पूर्ण करतो. रोज एकदाच पाहणाऱ्याला तो पुढे इतका गेला की मागे ०.४३५ फेरी आला, हे वेगळं ओळखता येत नाही. आलेखावर मग २.३ दिवसांची सुबक लाट बसते. सगळे ठिपके तिच्यावर असतात, आणि लाट खोटी असते. यावर इलाज एकच: त्याच रात्री तीन-चार तासांनी दुसरी नोंद. तेवढ्या वेळात आयो फेरीचे तीसेक अंश पुढे जातो आणि कुठल्या बाजूला चालला आहे ते उघड होतं. प्रदर्शनाला पाहुणे शिक्षक आले तर त्यांना ही खोटी लाट आणि खरी लाट शेजारी-शेजारी दाखवा. मला विचाराल तर अख्ख्या प्रकल्पातला सर्वात शिकण्याजोगा भाग हाच आहे.

काळ काढताना एका फेरीवरून काढू नका. पूर्वेकडच्या एका टोकापासून पुढच्या अनेक टोकांपर्यंतचे दिवस मोजा आणि फेऱ्यांच्या संख्येनं भागा. टोक ओळखण्यात सहा तासांची चूक झाली, तर एका फेरीवर ती सहा तासांचीच राहते. दहा फेऱ्यांवर ती छत्तीस मिनिटांची होते.

तपासा: युरोपाचा काळ आयोच्या जवळपास दुप्पट आणि गॅनिमिडचा युरोपाच्या दुप्पट यायला हवा. हे तिघे एकमेकांच्या ओढीनं या प्रमाणात बांधलेले आहेत. कॅलिस्टो या साखळीत नाही, त्याचं प्रमाण जुळवायला जाऊ नका.

### टप्पा ५: अंतर मोजणं

बहुतेक जण मोबाइल नेत्रिकेला लावून फोटो काढतात आणि गुरूच्या व्यासाच्या किती पट लांब चंद्र आहे ते फोटोवरून मोजतात. यात अडचण अशी, की मंद चंद्र दिसावेत म्हणून फोटो उजळ काढावा लागतो आणि उजळ फोटोत गुरूचं बिंब फुगतं. ते सव्वापट जरी फुगलं तरी अंतर वीस टक्क्यांनी कमी येतं. पुढे त्याचा घन करायचा असल्यानं उत्तर निम्म्यावर येतं.

त्यापेक्षा घड्याळ वापरा. दुर्बीण स्थिर ठेवा आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश सरकू द्या. गुरू क्षेत्राच्या (दुर्बिणीतून दिसणाऱ्या गोलाच्या) मधोमधून बाहेर जाईल अशी मांडणी करा. पहिला (चंद्र किंवा गुरू, जो पश्चिमेला असेल तो) क्षेत्राच्या कडेवर नाहीसा झाला की घड्याळ सुरू, दुसरा नाहीसा झाला की बंद. गुरूसाठी बिंबाचा मध्य कडेवर आला तो क्षण धरायचा. पाच वेळा करा. मधला आकडा घ्या, सरासरी नको: वाऱ्यानं ट्रायपॉड हलल्यामुळे आलेला एखादा वेडा आकडा सरासरी बिघडवतो.

हे मोजमाप चंद्र टोकावर असतानाच घ्यायचं. कधी असेल ते आता आलेख सांगतो, म्हणूनच हा टप्पा पाचवा आहे. फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीच्या आसपास आकडे साधारण असे यावेत: आयो ९ सेकंद, युरोपा १४, गॅनिमिड २२, कॅलिस्टो ३९.

सेकंदांचं किलोमीटरमध्ये रूपांतर तीन पायऱ्यांत होतं.

१. आकाशाच्या त्या भागात एका सेकंदाला साधारण १४.५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतात. (विषुववृत्तावर १५, गुरू थोडा उत्तरेला असल्यानं कमी.) गॅनिमिडचे २२ सेकंद गुणिले १४.५ म्हणजे ३१९ विकला.

२. चंद्रांची ओळ सरकण्याच्या दिशेशी १९-२० अंशांचा कोन करते, त्यामुळे घड्याळानं मोजलेलं अंतर थोडं कमी भरतं. ०.९५ ने भागा: ३३६ विकला. ही पायरी वगळणारे बरेच. पाच टक्के सोडून दिले तर घनात पंधरा टक्के जातात.

३. त्या दिवशीचं गुरूचं पृथ्वीपासूनचं अंतर घ्या. प्रतियुतीला ते सुमारे ६५ कोटी किलोमीटर असेल. पुढच्या तारखांचं स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मिळेल. ३३६ भागिले २,०६,२६५ (विकलांचा कोन अंतराच्या प्रमाणात आणणारा ठरलेला आकडा), गुणिले ६५ कोटी: सुमारे १०.६ लाख किलोमीटर. गॅनिमिडचं खरं अंतर १०.७ लाख आहे. हातातल्या घड्याळासाठी हे उत्तम.

सावधान: एका चंद्राचं मोजमाप फेब्रुवारीत आणि दुसऱ्याचं एप्रिलमध्ये घेतलं असेल तर नुसते सेकंद शेजारी ठेवून तुलना करू नका. मधल्या काळात गुरू लांब गेलेला असतो. आधी दोन्ही किलोमीटरमध्ये आणा.

### टप्पा ६: हिशोब

पहिला हिशोब, चारही चंद्र एकच नियम पाळतात का? फेरीच्या दिवसांचा वर्ग करा, अंतराच्या सेकंदांचा घन करा, वर्गाला घनानं भागा. वरचे आकडे घेतले तर चौघांचंही उत्तर ०.००४३ ते ०.००४८ च्या दरम्यान येतं. एखाद्याचं दुप्पट किंवा निम्मं आलं तर आधी त्याचा काळ तपासा, आणि तो आयो असेल तर टप्पा ४ मधली खोटी लाट आठवा.

दुसरा हिशोब गुरूच्या वस्तुमानाचा. अंतर खगोलीय एककात घ्या (१४.९६ कोटी किलोमीटर म्हणजे एक), काळ वर्षात. अंतराच्या घनाला काळाच्या वर्गानं भागलं की मध्यावरच्या वस्तूचं वस्तुमान सूर्याच्या पटीत मिळतं. गॅनिमिडसाठी १०.७ लाख किलोमीटर म्हणजे ०.००७१५, आणि ७.१५५ दिवस म्हणजे ०.०१९६ वर्ष. उत्तर सुमारे ०.०००९५. म्हणजे गुरू सूर्याच्या हजाराव्या भागाहून किंचित हलका. मान्य आकडा १,०४७ वा भाग. तुमचं उत्तर ९०० ते १,२०० च्या दरम्यान आलं तर वही चोख आहे. उत्तर नेमकं १,०४७ आलं तर परीक्षक ॲपबद्दल विचारतीलच, तयारी ठेवा.

हे उत्तर गॅनिमिडच्या स्वतःच्या वजनावर का अवलंबून नाही, हा प्रश्न हमखास येतो. काटेकोरपणे पाहिलं तर ते दोघांचं मिळून वस्तुमान आहे, कारण चंद्र गुरूभोवती नव्हे, दोघांच्या सामाईक केंद्राभोवती फिरतो, आणि गुरूही. पण गुरू गॅनिमिडच्या सुमारे १२,८०० पट जड आहे, त्यामुळे ते केंद्र गुरूच्या मध्यापासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवरच राहतं. आपल्या घड्याळाला ते दिसणार नाही. पृथ्वी आणि चंद्राचं केंद्र मात्र पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे ४,६७० किलोमीटरवर, जमिनीखालीच पण बरंच बाजूला आहे. आणि सूर्य-गुरू या जोडीचं केंद्र सूर्याच्या मध्यापासून ७.४ लाख किलोमीटरवर, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या जरासं बाहेर. चार्टवर सूर्य खिळ्यासारखा ठोकून दाखवू नका, एवढं तरी करा.

### गुरू उगवण्याआधीचे महिने: ताऱ्यांची जोडी

नोव्हेंबर-डिसेंबर २०२६ मध्ये गुरू रात्री उशिरा उगवेल. तोवर हात रिकामे ठेवायचे नसतील तर ययाती तारकासंघातला अल्गॉल धरा. दुर्बीण नको. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि मंद तारा तेजस्वी ताऱ्यासमोर आला की एरवी २.१ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) हा तारा ३.४ पर्यंत उतरतो, दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी. उतरून पुन्हा वर यायला दहाएक तास लागतात.

रोज संध्याकाळी उत्तरेकडे बघून शेजारच्या एप्सिलॉन पर्सेईशी तुलना करा. त्याची प्रत २.९. अल्गॉल त्याहून मंद दिसला की ग्रहण चालू आहे असं समजा आणि दर पंधरा मिनिटांनी नोंद घ्या. सर्वात मंद क्षण रात्री अकराला आला, तर पुढचा तीन दिवसांनी पावणेआठच्या सुमारास येईल. त्यानंतरचे काही दिवसाउजेडी जातील. दोन आठवडे काहीच दिसलं नाही म्हणून वही बंद करू नका, शेवटच्या नोंदीत २ दिवस २० तास ४९ मिनिटं मिळवत पुढची रात्रीची वेळ काढून ठेवा.